खासदार आणि संघटक: मधू लिमये यांच्या कारकिर्दीचा हिशेब

एका तरुण कार्यकर्त्याने विचारलं आहे: दिल्लीत खासदारकी आणि बाहेर पक्षबांधणी ही दोन्ही कामं एकाच माणसाला नीट जमतात का? उदाहरण म्हणून समाजवादी नेते मधू लिमये यांचं नाव सगळे घेतात. पण त्यांनी ज्या ज्या पक्षांत पद सांभाळलं, त्यांपैकी एकही आज त्या रूपात उरलेला नाही. मग ही कारकीर्द यशस्वी म्हणायची की नाही?

खासदारांसाठी प्रश्न, सूचना आणि दुरुस्त्यांचे मसुदे करण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्याआधी पक्ष कार्यालयात सभासद नोंदणीच्या वह्या सांभाळल्या. दोन्ही बाजू आतून पाहिल्या आहेत, म्हणून उत्तर जरा लांबेल. माझं मत आधीच सांगतो. दोन्ही कामं जमतात. मात्र लिमये यांचा जो गुण सभागृहात सरकारला घाम फोडायचा, तोच पक्षात त्यांना महाग पडला. लिहिलेला नियम आणि दिलेला शब्द यांवर ते शेवटपर्यंत अडून बसत. सभागृहात नियमावली असते आणि ती लागू करणारा अध्यक्ष असतो. पक्षात घटना असते, पण ती लागू करायला त्रयस्थ कोणी नसतो.

एक गोष्ट सहसा विसरली जाते. लिमये आधी संघटक झाले आणि खासदार फार उशिरा. जन्म १ मे १९२२, पुण्यातला. १९३७ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात गेले आणि विद्यार्थी चळवळीतून समाजवादी नेते एसेम जोशींच्या वर्तुळात आले. युद्धविरोधी प्रचाराबद्दल १९४० मध्ये पकडले गेले, सुमारे वर्षभर धुळ्याच्या तुरुंगात होते. ४२ च्या आंदोलनात भूमिगत राहिले, १९४३ मध्ये सापडले आणि खटला न चालवता १९४५ पर्यंत डांबले गेले. काँग्रेसमधून बाहेर पडण्याचा निर्णय समाजवाद्यांनी १९४८ च्या नाशिक अधिवेशनात घेतला. तिथेच लिमये राष्ट्रीय कार्यकारिणीवर आले, वय २५ च्या आसपास. पुढच्या वर्षी पाटण्याच्या अधिवेशनात ते संयुक्त चिटणीस झाले. लोकसभेत पोचले ते १९६४ मध्ये, म्हणजे बेचाळिसाव्या वर्षी.

संयुक्त चिटणीस या पदाला बाहेर फारसं वजन नसतं. पण पक्ष खरा कळतो तो याच खुर्चीवर. कुठल्या जिल्ह्याची वर्गणी आली, कुठली शाखा फक्त कागदावर आहे, कुठल्या दोन माणसांना एका व्यासपीठावर बसवता येत नाही, हे सगळं पत्रव्यवहारातून कळतं. ठरावाचा मसुदा करताना एका शब्दावरून रात्र कशी जाते आणि तोच शब्द दोन वर्षांनी पक्ष फोडायला कसा पुरतो, हेही तिथेच उमगतं. जो माणूस हे काम करून संसदेत जातो, त्याला विधेयक वाचताना कुठे थांबायचं हे वेगळं शिकवावं लागत नाही.

लिमये यांच्यावर असा प्रसंग १९५५ मध्ये आला. त्या जानेवारीत काँग्रेसने आवडीच्या अधिवेशनात ‘समाजवादी धर्तीची समाजरचना’ हा ठराव केला. समाजवादी पक्ष आणि किसान मजदूर प्रजा पक्ष एक होऊन १९५२ मध्ये प्रजा समाजवादी पक्ष बनला होता. त्यातल्या काही मोठ्या नेत्यांना वाटलं की आता काँग्रेसशी सहकार्याचं दार उघडायला हरकत नाही. अशोक मेहतांची मांडणी याच दिशेची होती. लिमये यांनी तिच्यावर जाहीर टीका केली. मुंबई शाखेने शिस्तभंगाची कारवाई करून त्यांना दूर केलं. उत्तर प्रदेश शाखेने मात्र त्यांनाच आपल्या संमेलनाला बोलावलं. प्रकरण वरपर्यंत गेलं, राममनोहर लोहियांवरही कारवाई झाली, आणि वर्ष संपता संपता हैदराबादेत लोहियांचा वेगळा समाजवादी पक्ष उभा राहिला.

तो पक्ष उभा राहत होता तेव्हा लिमये गोव्यात पोर्तुगिजांच्या कैदेत होते. जुलै १९५५ मध्ये सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते गोव्याच्या हद्दीत शिरले. पोलिसांनी बेदम मारलं आणि लष्करी न्यायाधिकरणाने १२ वर्षांची सक्तमजुरी सुनावली. सुमारे १९ महिने आत काढून १९५७ मध्ये ते सुटले. नानासाहेब गोरे यांची तुकडी त्याआधी मे महिन्यात गेली होती. म्हणजे ज्या पक्षाने लिमये यांना काढलं त्या पक्षाचे गोरे आणि काढले गेलेले लिमये, दोघंही त्याच वर्षी गोव्याच्या तुरुंगात होते. पक्षातले मतभेद आणि आंदोलनातली सोबत त्या पिढीने वेगवेगळी ठेवली. आज हे जवळजवळ अशक्य वाटतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

१९५५ च्या त्या फुटीत चूक कोणाची? माझ्या मते मुद्द्यावर लिमये बरोबर होते. विरोधी पक्ष म्हणून लोकांकडे मतं मागायची आणि मग सत्तेच्या बाजूला सरकायचं, हे मतदाराशी धड नाही. अशोक मेहता पुढे खरोखरच काँग्रेसमध्ये गेले आणि केंद्रात मंत्री झाले. पण फुटीचा हिशेबही डोळ्यांआड करता येत नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत एकट्या समाजवादी पक्षाला दहा टक्क्यांहून थोडी जास्त मतं होती, जागा १२. दहा वर्षांनी, १९६२ मध्ये, प्रजा समाजवादींना १२ आणि लोहियांच्या समाजवाद्यांना ६. १९६४ मध्ये एकत्र येऊन संयुक्त समाजवादी पक्ष (संसोपा) केला, पण काही महिन्यांतच प्रजा समाजवादींतला मोठा गट परत बाहेर पडला. १९६७ मध्ये संसोपाने २३ आणि प्रजा समाजवादींनी १३ जागा घेतल्या. १९७१ मध्ये उरल्या ३ आणि २. इंदिरा गांधींची लाट होती हे खरं. तरीही लाटेत उभं राहायला लागते ती बुथवरची माणसं दर फुटीत दोन्हीकडून गळत गेली. घरी बसलेला कार्यकर्ता पक्ष पुन्हा एक झाला म्हणून परत येत नाही. नोंदणीच्या वह्यांमध्ये मी हे वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

आता खासदारकीकडे येतो. पुण्याचा हा माणूस निवडून आला बिहारमधून. १९६४ ची मुंगेरची पोटनिवडणूक जिंकली, १९६७ मध्ये जागा राखली, १९७१ मध्ये हरले, १९७३ मध्ये बांकाच्या पोटनिवडणुकीतून परत आले, १९७७ मध्ये तिथूनच पुन्हा निवडून आले आणि १९८० मध्ये हरले. महाराष्ट्रात समाजवाद्यांचे मतदारसंघ नव्हते असं नाही. १९६७ मध्ये एसेम पुण्यातून निवडून आले आणि राजापूर तर नाथ पै आणि नंतर मधू दंडवते यांच्यामुळे समाजवाद्यांचाच बालेकिल्ला राहिला. पण लोहियावादी पक्षाची खरी ताकद बिहार आणि उत्तर प्रदेशात होती. ‘संसोपा ने बांधी गांठ, पिछड़ा पावे सौ में साठ’ (मागासांना शंभरातले साठ मिळावेत) अशी घोषणा देणाऱ्या पक्षाकडून एक मराठी ब्राह्मण बिहारमध्ये पुनःपुन्हा निवडून यावा, हे वरवर विचित्र वाटतं. तिथला मतदार त्यांना बाहेरचा मानत नव्हता, कारण बिहारशी त्यांचा संबंध उमेदवारीपेक्षा जुना होता. लोहियांच्या पक्षाच्या १९५८ च्या शेरघाटी अधिवेशनात, म्हणजे गया जिल्ह्यात, ते पक्षाचे अध्यक्ष झाले होते. संघटनेचं काम आधी झालं, तिकीट मागून आलं. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यातच आहे.

सभागृहातल्या त्यांच्या कामाविषयी बोलताना लोक भाषणांच्या आठवणी काढतात. मला त्यांची तयारी महत्त्वाची वाटते. बाहेरच्या माणसाला हे यंत्र कळावं म्हणून थोडं सोडवून सांगतो. तारांकित प्रश्नाचं, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचं, उत्तर मंत्रालयातले अधिकारी आधीच लिहून ठेवतात आणि ते शक्य तितकं गुळगुळीत असतं. खरी लढाई पुरवणी प्रश्नात, म्हणजे त्या उत्तरावर तिथल्या तिथे विचारलेल्या पुढच्या प्रश्नात. पुरवणी विचारण्याआधी तुमच्या हातात कागद असला पाहिजे: त्याच मंत्र्याने मागच्या अधिवेशनात दिलेलं उत्तर, लेखापरीक्षकांच्या अहवालातला परिच्छेद, एखादा परवाना क्रमांक. मग मंत्र्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच म्हणता येईल असा प्रश्न करायचा. उत्तर आधीच्या उत्तराशी विसंगत निघालं की पुढच्या पायऱ्या नियमांत आहेतच. मंत्र्याच्या निवेदनातली चूक दाखवण्यासाठी अध्यक्षांच्या निर्देशांतला ११५ वा निर्देश आहे, नियम २२२ खाली हक्कभंगाची सूचना आहे, नियम ५५ खाली अर्ध्या तासाची चर्चा आहे, आणि मामला तातडीचा असेल तर ठरलेलं कामकाज थांबवून चर्चा मागणारा नियम ५६ चा स्थगन प्रस्ताव. कुठलं हत्यार कधी काढायचं हे कळणं म्हणजे निम्मं संसदीय काम. लिमये यात इतके मुरलेले होते की ते हातात नियमावली घेऊन उठले की मंत्री आपली फाइल पुन्हा चाळायला लागत, असं त्या काळातले सहकारी सांगत.

१९७४ चं काँग्रेस खासदार तुलमोहन राम यांचं प्रकरण पाहा. पाँडिचेरी भागातल्या व्यापाऱ्यांना आयात परवाने मिळावेत म्हणून खासदारांच्या सह्यांचं एक निवेदन सरकारकडे गेलं होतं. बऱ्याच सह्या खोट्या असल्याचं उघड झालं आणि केंद्रीय अन्वेषण विभागाकडे तपास गेला. सरकारची भूमिका अशी की आता प्रकरण न्यायालयात आहे, सभागृहात चर्चा नको. विरोधकांनी ही वाट अडवून धरली आणि त्यात लिमये पुढे होते. त्यांचा युक्तिवाद सभागृहाच्या अधिकाराचा होता: सदस्यांच्या नावाने खोट्या सह्या झाल्या, म्हणजे सभागृहाच्याच प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, न्यायालयात फौजदारी गुन्हा चालेल, पण मंत्र्याच्या जबाबदारीचा हिशेब इथेच द्यावा लागेल. बहुमत सरकारकडे होतं, मत टाकून जिंकता येणार नव्हतं. तरीही संपूर्ण अधिवेशन त्या एका प्रश्नाभोवती फिरलं. मूठभर सदस्य असलेल्या पक्षाला एवढं करता आलं ते नियमांच्या जोरावर.

हाच स्वभाव न्यायालयातही दिसतो. कायद्याच्या विद्यार्थ्यांना मधू लिमये हे नाव राजकारणापेक्षा खटल्यांमुळेच ठाऊक असतं. ६ नोव्हेंबर १९६८ ला लखीसराय स्टेशनवर त्यांना अटक झाली. त्याच दिवशी त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयाने ते अनुच्छेद ३२ खालची याचिका म्हणून घेतलं. अटकेची कारणं सांगितली नव्हती, म्हणजे अनुच्छेद २२(१) चा भंग झाला होता, म्हणून सुटकेचा हुकूम झाला. १९७० मध्ये त्यांनी जमावबंदीच्या कलम १४४ लाच आव्हान दिलं. सात न्यायमूर्तींच्या पीठाने ते कलम वैध ठरवलं, म्हणजे तो मुद्दा ते हरले. पण चौकशी सुरू होण्याआधीच माणसाकडून जामीनपत्र मागून त्याला अडकवण्याच्या दंडाधिकाऱ्यांच्या सवयीला त्याच निकालाने आळा घातला. तिसरा निकाल १९७७ चा, महाराष्ट्र शासनाविरुद्धचा. तो मुळात महाराष्ट्रातल्या एका मंत्र्याविषयी केलेल्या वक्तव्यावरून झालेल्या बदनामीच्या फिर्यादीतून निघाला. उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार कुठवर चालतात याविषयी तो आजही फौजदारी वकिलांच्या तोंडी असतो. एका कार्यकर्त्याच्या अटका आणि खटले सगळ्यांच्या हक्कांच्या कामी आले. माझ्या लेखी ही त्यांची सर्वांत टिकाऊ कमाई.

मग आणीबाणी. पाचव्या लोकसभेची पाच वर्षं मार्च १९७६ मध्ये संपत होती. संविधानाच्या अनुच्छेद ८३ नुसार आणीबाणीत संसदेला कायदा करून मुदत एका वेळी एक वर्ष वाढवता येते आणि सरकारने तसा कायदा केला. कायद्याने ते बसतही होतं. पण लिमये यांचं म्हणणं, मतदारांनी मला पाच वर्षांसाठी पाठवलं, सहाव्या वर्षाचा अधिकार मला कोणी दिला? मध्य प्रदेशात तुरुंगात असतानाच त्यांनी राजीनामा पाठवला. त्यांच्यासोबत राजीनामा देणारे दुसरे खासदार शरद यादव, तेव्हा तिशीच्याही आतले. विरोधी पक्षांतले बाकी खासदार जागेवर राहिले. पत्नी चंपाताईंना त्यांनी तुरुंगातून कळवलं, की दिल्लीतलं सरकारी घर लगेच सोडा. त्या राजीनाम्याने सरकार हललं नाही. पण इथे एक गोष्ट दिसते: नियम त्यांच्या बाजूला असताना ते नियमाने लढले आणि नियम सत्तेच्या बाजूला वाकवला गेला तेव्हा त्यांनी पद सोडलं.

१९७७ मध्ये जनता पक्ष सत्तेवर आला. मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात लिमये यांना जागा होती. त्यांनी ती घेतली नाही. समाजवादी गटातून पुरुषोत्तम कौशिक मंत्री झाले. लिमये पक्षाचे सरचिटणीस झाले, अध्यक्ष होते चंद्रशेखर. पाच वेगवेगळ्या परंपरांचे पक्ष एका रात्रीत एकत्र आले होते आणि त्यांची एक संघटना करायची होती. हे काम मंत्रिपदापेक्षा कितीतरी कठीण. प्रत्येक जिल्ह्यात पाच जुने अध्यक्ष, पाच कार्यालयं, पाच निष्ठा. त्यात सभासद नोंदणी आणि अंतर्गत निवडणुका होणं फार गरजेचं होतं, कारण त्याशिवाय घटक पक्ष विरघळत नाहीत. त्या निवडणुका वेळेवर झाल्याच नाहीत. माझ्या मते जनता पक्ष तिथेच संपला, पुढचं सगळं फक्त दिसायला उशीर लागला.

दुहेरी सदस्यत्वाचा वाद या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. लिमये यांचं म्हणणं असं, की जनता पक्षाचा सभासद वेगळी शिस्त आणि वेगळं ध्येय असलेल्या दुसऱ्या संघटनेला बांधील राहू शकत नाही. पूर्वीच्या जनसंघीयांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी संबंध तोडावेत. त्या सहकाऱ्यांचं उत्तर होतं, की संघ राजकीय पक्ष नाही, विलीनीकरणाच्या वेळी अशी अट घातलेली नव्हती. मुद्दा म्हणून मला लिमये यांचं म्हणणं पटतं. पण सहकाऱ्यांच्या उत्तरातला दुसरा भागही खोटा नव्हता. जी अट १ मे १९७७ ला पक्ष रीतसर स्थापन होताना लिहून घ्यायला हवी होती, ती दोन वर्षांनी मागितली गेली. सभागृहात लिमये यांनी एखाद्या मंत्र्याला असा उशीर माफ केला नसता.

जुलै १९७९ मध्ये यशवंतराव चव्हाणांनी विरोधी पक्षनेते म्हणून अविश्वास ठराव मांडला. जनता पक्षातून माणसं भराभर बाहेर पडली आणि १५ तारखेला मोरारजींनी राजीनामा दिला. लिमये चरणसिंहांच्या बाजूच्या जनता (सेक्युलर) गटात गेले. चरणसिंह सरकारने लोकसभेला तोंडच दिलं नाही आणि महिन्याभरात राजीनामा दिला. १९८० मध्ये जनता पक्षाला ३१ आणि जनता (सेक्युलर) ला ४१ जागा मिळाल्या, काँग्रेसला ३५३. लिमये बांका हरले. सरकार पाडल्याचा ठपका आजही त्यांच्यावर ठेवला जातो. मी तो एकट्या त्यांच्यावर ठेवणार नाही. पंतप्रधानपदाच्या तीन दावेदारांची ओढाताण दुहेरी सदस्यत्वाच्या कितीतरी आधीची होती. पण सरचिटणीस म्हणून त्यांची जबाबदारी इतरांपेक्षा जास्त होती, हेही म्हटलं पाहिजे.

१९८२ नंतर ते सक्रिय राजकारणातून बाजूला झाले. ८ जानेवारी १९९५ ला दिल्लीत निधन होईपर्यंत लिहीत राहिले; जनता प्रयोगाचा दोन खंडांतला इतिहासही लिहिला. स्वातंत्र्यसैनिकाचं निवृत्तिवेतन घेतलं नाही, माजी खासदाराचंही नाही. त्यांच्या साधेपणाचं कौतुक खूप होतं, पण त्यातला उपयोगी भाग वेगळा आहे. ज्याच्या गरजा कमी असतात त्याला ‘नाही’ म्हणणं परवडतं. १९५५, १९७६ आणि १९७७ मधले त्यांचे तीन नकार त्याशिवाय शक्य नव्हते.

आता तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर. दोन्ही कामं एकत्र जमतात, पण एकाच वेळी सारख्या ताकदीने नाही. अधिवेशन चालू असताना खासदाराने संघटनेत लक्ष घालू नये. त्या काळात दुसऱ्या माणसाकडे पूर्ण अधिकार द्यावेत, नुसती कामं देऊ नयेत. पक्षाच्या घटनेतली सभासदत्वाची व्याख्या, शिस्तभंगाची पद्धत आणि अंतर्गत निवडणुकीची तारीख पहिल्या दिवशी लिहून घ्या. हे तीन कागद नसतील तर विलीनीकरणाला होकार देऊ नका. आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर खासदाराचं स्वातंत्र्य आक्रसलं आहे, हे लक्षात ठेवा. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जातं. पक्षाने नुसतं काढून टाकलं तरी सदस्यत्व जावं अशी तरतूद मूळ विधेयकात होती, ती वगळली गेली. ती राहिली असती तर आज १९५५ च्या लिमये यांच्यासारख्या माणसाची खासदारकी शाखेच्या एका ठरावाने गेली असती. म्हणून तुमचं मत मांडण्याची खरी जागा आता पक्षाची कार्यकारिणी आहे, आणि तिथे ते लेखी नोंदवण्याची सवय लावून घ्या.

लोकसभेची जुनी कार्यवाही संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात मोफत वाचता येते. सुरुवात १९७४ च्या हिवाळी अधिवेशनापासून करा, आयात परवान्यांवरच्या चर्चा. लिमये यांची भाषणं बहुतेक हिंदीत आहेत. आधी फक्त त्यांचे पुरवणी प्रश्न आणि हरकतीचे मुद्दे वाचा, मंत्र्याचं उत्तर झाकून ठेवा आणि पुढचा प्रश्न तुम्ही काय विचारला असता ते वहीत लिहा. मग पान उलटा.